अर्धी डॉक्टर म्हणजे काय?

(बारावी झालेल्या मुली व त्यांच्या आयांसाठी चंद्रपूर येथे घेतलेल्या शिबिरातील भाषण)



गेल्या महिन्यात एटापल्ली तालुक्यातली एक आई मुलीला घेऊन माझ्याकडे आली. मुलगी बारावी विज्ञान पास. हातात बाहेरगावच्या एका कॉलेजचे रंगीत माहितीपत्रक. ते आणून देणाऱ्या माणसाने सांगितले होते, ‘फिजिशियन असिस्टंट’चा कोर्स करा, ‘नीट’ परीक्षेची भानगड नाही. फीसाठी बैलजोडी विकून वर कर्ज काढायचे घरात ठरत होते. आईने एकच विचारले, "ताई, अर्धी डॉक्टर तं होईन ना पोरगी?"

अर्धी डॉक्टर असे काही नसते. पण हा कोर्स खोटा नाही, तेही सांगते. १९६५ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात याची सुरुवात झाली. डॉक्टर कमी पडत होते, आणि नौदलात वैद्यकीय मदतनीसाचे काम करून आलेले जवान हाताशी होते. आपल्या देशात १९९२ मध्ये चेन्नईला हृदयशल्यचिकित्सक डॉ. के. एम. चेरियन यांच्या रुग्णालयात हे शिक्षण सुरू झाले. पेशंटचा इतिहास घेणे, तपासणे, ऑपरेशनमध्ये मदत करणे, नंतर वॉर्डात लक्ष ठेवणे, ही कामे. मात्र सगळी डॉक्टरच्या देखरेखीखाली. स्वतःचा दवाखाना टाकता येत नाही. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने इतर आरोग्य व्यवसायांबरोबर याही व्यवसायाला नाव आणि जागा दिली आहे.

आता यांना नोकरी कुठे मिळते? मुख्यतः मोठ्या शहरांतल्या मोठ्या खाजगी रुग्णालयांत. जिथे डॉक्टरच नाही तिथे डॉक्टरच्या मदतनीसाने काय करावे? पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क किती वेळा तुटला आहे ते तुम्ही जाणता. अशा ठिकाणी बाळंतीण अडते तेव्हा जी हजर असते ती नर्सबाई.

आणि आपल्या भागातल्या बायकांचे दुखणे काय आहे? डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले, आणि याआधी कधी तपासणी झालेल्या शंभरात आठच होत्या. हा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पुरुषापुढे बोलता येत नाही म्हणून अंगावर काढलेली ही दुखणी. पुढे १९९९ मध्ये ‘सर्च’चा दुसरा अभ्यास आला. ३९ गावांत थोडे शिकलेल्या गावच्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले, तर तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. कोर्सचे नाव किती भारदस्त आहे यावर काही अवलंबून नव्हते. जवळ कोण आहे, तिला काय करता येते, आणि ते करण्याची तिला मुभा आहे का, यावर सारे होते.

म्हणून मी त्या आईला नर्सिंगचा रस्ता सांगू लागले. एएनएम दोन वर्षे, जीएनएम तीन, बीएस्सी नर्सिंग चार. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे होऊ लागली, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमतात. बीएस्सी नर्सिंग झालेल्या मुलीला ती वाट खुली आहे. नोकरी कंत्राटी, हे दुखणे आहेच. पण ताप, रक्तदाब, गरोदरपण आधी तीच पाहते.

माझे हे सगळे ऐकून घेऊन मुलगी म्हणाली, "मला गावात नाही राहायचं. मला ऑपरेशन थिएटरात काम करायचंय."

मी गप्प झाले. तिला कुणी विचारलेच नव्हते, मीसुद्धा नाही. मुलगी दिसली की सेवा, नर्सिंग, गाव हे शब्द आपल्या तोंडी आपोआप येतात. मुलाला आपण असे सांगतो का? शहरात जाऊन स्वतःच्या कमाईवर राहायचे, असे तिने ठरवले असेल तर फिजिशियन असिस्टंट हा कोर्स तिच्या उपयोगाचा आहे. फक्त तो कोर्स कुठे करते हे नीट पाहायला हवे.

मग आम्ही दोघींनी बसून त्या कॉलेजला फोन लावला. पदवी कोणत्या विद्यापीठाची? शेवटच्या वर्षाची इंटर्नशिप कोणत्या रुग्णालयात, तिथे खाटा किती, ऑपरेशने होतात का? की मुलींना नुसते केसपेपर लिहायला बसवतात? मागच्या तुकडीतल्या मुली आज कुठे नोकरीला आहेत, त्यांच्याशी बोलता येईल का? वसतिगृह कॉलेजचे की खाजगी? पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळाले. दुसऱ्याला "या, मग बोलू." तिसऱ्याला फोन बंद.

फीबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. जुलै २०२४ मध्ये शासनाने ओबीसी, ईडब्ल्यूएस व एसईबीसी मुलींना आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ केली. पण प्रवेश सरकारी केंद्रीय फेरीतून हवा. खाजगी आणि अभिमत विद्यापीठांना, मॅनेजमेंट कोट्याला ही माफी नाही. माहितीपत्रक वाटत फिरणारा माणूस हे सांगणार नाही, त्याला कमिशन मिळते. आदिवासी मुलींची शिष्यवृत्ती वेगळी आहे, तिला जातवैधता प्रमाणपत्र लागते आणि ते मिळायला वेळ जातो.

ती बैलजोडी अजून विकलेली नाही. मायलेकी आज इथेच बसल्या आहेत. जेवणानंतर मी मागच्या खोलीत आहे. दाखले घेऊन या, जातपडताळणी राहिलेल्या मुलींनी आधी या. आणि आयांनो, बोलताना मुलीला पुढे बसू द्या.