यंत्राचे दार आणि आपले हसू

परवा महाविद्यालयाच्या व्हरांड्यात विद्यार्थ्यांचा एक घोळका मोबाईलभोवती खदखदा हसत उभा होता. मला पाहताच हसू थांबले. पण एकाने धीर करून फोन माझ्यापुढे धरला. जेमतेम अर्ध्या मिनिटाचे चित्र. अंतराळात अडकलेला वीर यानाचे दार उघडायला सांगतो आणि यानातले यंत्र शांतपणे म्हणते, आपली वर्गणी संपली आहे. आधी पासवर्ड सांगा, मग एक जाहिरात पाहा!

मीही हसलो. मग विचारले, "अरे, मूळ चित्रपट पाहिलास का?"

"नाही सर. पण कळतं ना!"

हे काही नवल नव्हे. केशवकुमारांची 'झेंडूची फुले' आवडीने वाचणाऱ्यांपैकी कितीजणांनी मूळ कविता पाहिल्या असतील?

मूळ चित्रपट स्टॅन्ले कुब्रिक यांचा, '२००१ : अ स्पेस ओडिसी'. साल १९६८, म्हणजे माणूस अजून चंद्रावर उतरायचा होता. त्यात यान सांभाळणारा संगणक हॅल ९०००. तांबडा, न मिटणारा एक डोळा आणि मऊ, अदबशीर आवाज. डेव्ह बोमन बाहेर अडकतो, त्याचे शिरस्त्राण यानातच राहिलेले. आणि हॅल अगदी नम्रपणे दार उघडायचे नाकारतो. तो ओरडत नाही, भीती वाटते ती त्याचीच.

विडंबनकाराने नकार तसाच ठेवला, कारण तेवढे बदलले. जुन्या हॅलला मोहीम प्यारी होती, नव्याला वर्गणी. असले नकार आपण रोजच ऐकतो, म्हणून हसू येते. पुढे तर विकणाऱ्यांनीच ही थट्टा उचलली. २०११ साली आयफोनवर आलेल्या सिरीला तेच दार उघडायला सांगितले, की आम्हां यंत्रांची ही बदनामी काही सुटत नाही, अशा अर्थाची तक्रार ती करी! यंत्रच स्वतःची टिंगल करू लागले, मग त्याची धास्ती कोण घेणार?

पण त्या चित्रपटात आणखी एक प्रसंग आहे. हॅलला बंद करावे की काय, हे बोलायला दोघे अंतराळवीर एका छोट्या यानात शिरून दार लावून घेतात. आवाज बाहेर जात नाही. हॅल खिडकीतून त्यांचे ओठ वाचतो. पडद्यावर नुसते हलणारे ओठ, बाकी शांतता.

मी त्या मुलाला हे सांगितले आणि म्हटले, "आता याचं विडंबन कर पाहू."

त्याने क्षणभर हातातल्या फोनकडे पाहिले.

"त्यात विडंबन कसलं करायचं, सर? असंच तर असतं."

तासाची घंटा झाली होती. मी वर्गावर गेलो.