बाकावरचे पालक, मैदानातले गुरुजी

शालेय कबड्डीचा सामना रंगात आलाय. चढाईपटूने बोनस रेषा ओलांडली, पण मागचा पाय हवेत होता की टेकलेला? पंच गुण नाकारतात आणि बाहेरून आवाज येतो, “ओ पंच, डोळे आहेत का?” ओरडतो बाप, मान खाली जाते पोराची.

तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ही शालेय स्पर्धांची चढण; त्यात दहावी-बारावीच्या क्रीडागुणांची आशा. एका निर्णयाने वर्ष हातचं गेल्यासारखं वाटतं, आणि ते अगदीच खोटं नसतं.

क्रीडाशिक्षकांनी तिथल्या तिथे हुज्जत घालू नये. “दादा, सामना संपू द्या, उद्या शाळेत बसून बोलू,” एवढं पुरे. रात्रीत पारा बराच उतरतो. बोलताना मुख्याध्यापक सोबत असावेत. निर्णयावर हरकत असेल तर ती संघ व्यवस्थापकाने मांडावी, पालकांनी मैदानात उतरू नये.

“माझ्या मुलीला का बसवलं?” हा प्रश्न मात्र रास्त आहे, तो टोलवू नका. निवड कशी होणार, हे हंगामाआधीच्या पालकसभेत सांगितलं तर निम्मी भांडणं उभीच राहत नाहीत. शिवीगाळ किंवा धमकी झालीच, तर पंचांना खेळ थांबवायला सांगा आणि घडलं ते त्याच दिवशी लिहून ठेवा.