शाळेतल्या पोरांनी हुडकलेला तळ



दिवेलागणीला कधी कधी आभाळात एक ठिपका सरळ चालत जाताना दिसतो. तो लुकलुकत नाही. विमानासारखे लाल-हिरवे दिवे त्याला नसतात. तो माणसाने सोडलेला उपग्रह. खाली अंधार पडला, तरी वर त्याच्यावर ऊन असते. म्हणून तो चमकतो.

तो कोणाचा? कुठून सुटला? सरकारे पुष्कळदा सांगत नाहीत. पण साध्या माणसांनी हे हुडकून काढले आहे. त्याचीच गोष्ट सांगतो.

इंग्लंडात केटरिंग नावाचे गाव आहे. तिथल्या शाळेत जेफ्री पेरी नावाचे मास्तर पदार्थविज्ञान शिकवीत. १९६० पासून ते रेडिओवर सोव्हिएत रशियाच्या उपग्रहांचे आवाज ऐकू लागले. पुढे शाळेतली पोरेही ऐकू लागली. रेडिओ, घड्याळ, वही आणि नकाशा, एवढेच त्यांचे सामान.

तुम्ही म्हणाल, आवाजावरून वाट कशी कळणार? आगगाडी शिटी वाजवीत येते, तेव्हा शिटी चढी ऐकू येते. गाडी पुढे गेली की तीच शिटी उतरते. आवाज उतरला, ती घडी गाडी अगदी जवळून गेल्याची. उपग्रहाचेही तसेच. पोरे ती वेळ टिपून ठेवीत. असा उपग्रह सुमारे दीड तासात पृथ्वीला एक फेरा घालतो. पुष्कळ फेऱ्यांच्या वेळा जुळवल्या की त्याची वाट नकाशावर काढता येते.

मार्च १९६६ मध्ये कॉसमॉस ११२ सुटला. त्याची वाट नेहमीपेक्षा वेगळी तिरपी निघाली. ऑक्टोबरात कॉसमॉस १२९ सुटला. त्याची तिरप आणखी निराळी. मास्तरांनी या वाटा मागे मागे नेल्या. दोन बैलगाड्यांच्या चाकोऱ्या उलट धरून गेलो, तर जिथे त्या मिळतात तिथून गाड्या निघाल्या असे आपण म्हणतो ना? तसेच झाले. वाटा मॉस्कोच्या उत्तरेला प्लेसेत्स्कपाशी मिळाल्या. तिथे क्षेपणास्त्रांचा गुप्त तळ होता! अमेरिकेच्या सरकारला तो ठाऊक होता, पण तेही गप्प होते. नोव्हेंबरात मास्तरांनी ही गोष्ट जगापुढे मांडली. रशियाने ती कबूल केली १९८३ साली.

यात जादू नाही बरं का. रोज ऐकायचे, वेळ पाहायची, लिहून ठेवायची. तोंडी सांगितलेली वेळ माणूस विसरतो. लिहिलेली वेळ पुराव्याला उभी राहते.

तुम्ही आता लिहायला शिकला आहात. नक्षत्रे तर तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक आहेत. असा ठिपका दिसला, तर दिवस, वेळ आणि तो कोणत्या नक्षत्राजवळून गेला ते वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा.