सुगंधी तेले आणि बुरशीचे धान्य



भोर-वेल्ह्याकडे दारात तुळस आणि घरात ओवा असतोच. त्यांचा वास येतो तो त्यांतल्या उडून जाणाऱ्या तेलामुळे. ओव्यात थायमॉल असते, तुळशीत युजेनॉल. आपल्या पेशींत काही चळवळे कण तयार होतात. ते 'डीएनए'ला, म्हणजे पेशीच्या मूळ आराखड्याला इजा करतात. ही तेले त्या कणांना आवरतात आणि बुरशीची वाढही रोखतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे.

मग कुणी विचारील, "साहेब, बुरशी आलेल्या शेंगांवर ओव्याचे पाणी मारले तर?" नाही, ते चालायचे नाही! बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताच्या पेशीत शिरून डीएनएलाच चिकटते. धुऊन किंवा शिजवून ते पुरते जात नाही. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल जिल्ह्यांत बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसे दगावली.

म्हणून इलाज आधीच करा. भात, शेंगा ओल्या जमिनीवर टाकू नका. ताडपत्रीवर पातळ पसरा, ढग आले की झाका. शेंग हलवली की दाणा खुळखुळावा. भाताचा दाणा दाताखाली कट्कन मोडावा. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचा. काळ्या, बुरसटलेल्या शेंगा निवडून पुरून टाका. जनावरांनाही घालू नका, कारण हे विष दुधात उतरते.

ओवा चवीला जरूर खा; धान्य मात्र उन्हातच वाळवा.