‘सोजर्न’ : एका क्रियापदाची कुळकथा



‘सोजर्न’ हे इंग्रजी क्रियापद रोजच्या बोलण्यात सहसा येत नाही. ते भेटते ग्रंथांत. परक्या ठिकाणी काही काळ राहणे, एवढाच त्याचा अर्थ. मात्र हे राहणे कायमचे नव्हे, हे त्यात गृहीतच आहे. ज्याने बिऱ्हाड मोडून घर केले, त्याला हे क्रियापद लावता येत नाही.

इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘दिएस’, म्हणजे दिवस. आपला ‘दिवस’ आणि हा ‘दिएस’ एकाच कुळातले. ‘जर्नी’, म्हणजे मुळात एका दिवसाची मजल, आणि ‘जर्नल’, म्हणजे रोजनिशी, ही त्याची भावंडे. १६११ च्या इंग्रजी बायबलात, दुष्काळामुळे मिसर देशी गेलेल्या अब्रामासाठी हेच क्रियापद योजले आहे. पोटासाठी मुलूख सोडणे असे पुरातन आहे!

संस्कृताने हिशेब ठेवला तो रात्रीचा. ‘वस्’ धातूत रात्र काढण्याचा अर्थ आहे. ‘वसति’ म्हणजे रात्रीचा मुक्काम. म्हणून तर आपण पाहुण्याला ‘आज वस्तीला राहा’ म्हणतो. ‘प्रवास’ त्याच धातूचा. संस्कृतात त्याचा अर्थ घरापासून दूर राहणे. मराठीने त्यातले राहणे सोडले आणि वाटचाल तेवढी ठेवली. बंगालीने मूळ अर्थ जपला. रामानंद चट्टोपाध्याय यांनी १९०१ साली अलाहाबादेहून बंगाली मासिक काढले, त्याचे नाव ‘प्रवासी’. आमच्या मते या बाबतीत बंगाल्यांनी आपल्यावर मात केली आहे.

पॉल सिऊ या समाजशास्त्रज्ञाने १९५२ साली ‘सोजर्नर’ हीच संज्ञा शास्त्रात आणली. त्याच्यापुढे होते शिकागोतले चिनी धोबी. वर्षानुवर्षे परमुलखात राहूनही कायमचा रहिवासी म्हणून मांडामांड करायला जो मनाने तयार नसतो, तो सोजर्नर.

आमच्या पिढीला ही व्याख्या लागू पडते, हे आम्ही नाकारीत नाही. येथे घरे बांधली, तरी ‘गावी जाऊन आलो’ म्हणताना गाव तिकडचेच असते. मुले मात्र येथे जन्मली. मे महिन्याच्या सुटीत ती आजोळी पंधरा दिवस राहतात आणि मग ‘घरी केव्हा जायचे?’ असे विचारू लागतात. तेव्हा हे क्रियापद कोणाच्या कोणत्या राहण्याला लावायचे, याबद्दल आईबापांचे आणि मुलांचे एकमत होईल, असे आम्हांस वाटत नाही.