कशेडी वर, रूळ खाली



पोलादपूरहून खेडकडे जुन्या रस्त्याने निघालं की कशेडी घाटाची वळणं सुरू होतात. कोकण रेल्वे मात्र हा घाट चढतच नाही. वीर, सापे वामणे, करंजाडी, विन्हेरे अशी महाड तालुक्यातली स्थानकं घेत ती डोंगराच्या पोटात शिरते. विन्हेऱ्यापुढचा नातूवाडी बोगदा चार किलोमीटरहून लांब आहे. त्यातून बाहेर पडलं की खेड तालुक्यातलं दिवाणखवटी!

दिवा-पनवेल मार्गाने आलेली गाडी १९८६ मध्ये रोह्याला पोहोचली आणि तिथेच थांबली. पुढचं काम करण्यासाठी १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. मधू दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांनी पाठपुरावा केला, ई. श्रीधरन यांनी बांधणीची धुरा वाहिली. १९९३ मध्ये रोहा ते वीर हा कोकण रेल्वेचा महाराष्ट्रातला पहिला टप्पा सुरू झाला. खेड, रत्नागिरी असं करत २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग राष्ट्राला अर्पण झाला. २०२१ मध्ये रोहा ते वीर दुहेरी मार्ग झाला; वीरच्या दक्षिणेला मात्र मुख्यतः एकच रूळ. म्हणूनच समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी आपली पॅसेंजर एखाद्या स्थानकात थांबून राहते. त्याला आपण ‘क्रॉसिंग’ म्हणतो.

तेव्हा विन्हेऱ्याला गाडी थांबली, तर वैतागू नका. खिडकीतून डोंगराकडे पाहा. ज्या घाटातून जुना रस्ता वळणं घेत जातो, त्याच डोंगररांगेखालून आता तुम्ही जाणार आहात.