फोर्ट रॉबिन्सनची बराक

अमेरिकेत नेब्रास्का राज्यात फोर्ट रॉबिन्सन आहे. १८७४ सालचं लष्करी ठाणं. किल्ला म्हटलं की आपल्याला तट-बुरूज दिसतात. इथं तसलं काही नाही. नुसत्या बराकी, कवायतीचं मैदान. आज तिथं सरकारी उद्यान आहे. अफसरांच्या बंगल्यांत पाहुणे भाडं भरून राहतात, घोड्यावर रपेट मारतात. मारू देत.

पण लाकोटांचा क्रेझी हॉर्स शरण आल्यावर इथंच संगिनीनं भोसकला गेला, ५ सप्टेंबर १८७७ ला. आणि जानेवारी १८७९ मध्ये शायेन लोकांना इथल्या बराकीत कोंडून, बायकापोरांसकट, त्यांचं अन्न आणि सरपण तोडलं. थंडी नेब्रास्काची! गुन्हा काय? दक्षिणेतल्या रिझर्वेशनात परत जायला नकार. ९ तारखेच्या रात्री खिडक्यांतून उड्या टाकून ते बर्फात पळाले. साठावर माणसं मारली गेली. काहींच्या कवट्या लष्कराच्या वैद्यकीय संग्रहालयानं 'अभ्यासाला' नेल्या. वंशजांना त्या पुरायला मिळाल्या १९९३ साली.

१८८५ पासून इथं काळी पलटण आली, नववं घोडदळ. गुलामांची पोरं, वर अफसर बहुतेक गोरे. त्यांच्या हातात बंदूक दिली मूलवाशांवर पहारा करायला. ह्यावर चर्चेत बोलू.